सलाईनमधून की मांडीत? आईला ‘ट्रॅस्टू’ सुरू होणार असेल तर

आजचा भाग कॅन्सरच्या एका इंजेक्शनबद्दल आहे. तुम्ही ऐकणारे बहुतेक वीस-पंचविशीतले, म्हणजे इंजेक्शन तुम्हाला नसणार. आईला, मावशीला, आजीला असणार. पण फाईल तुमच्या हातात असते, मेडिकलच्या रांगेत तुम्ही उभे असता, आणि डॉक्टर जे बोलतात ते घरी जाऊन सांगायचं कामही तुमच्याच गळ्यात असतं. म्हणून हा भाग तुमच्यासाठी.

मी सोलापुरात एका डे-केअर वॉर्डात सिस्टर आहे. केमो, सलाईन, इंजेक्शनं, दिवसभर हेच. आमच्याकडे अक्कलकोटचे पेशंट येतात, मंगळवेढ्याचे येतात, तिकडून विजयपूर-कलबुर्गीचे येतात. एका खोलीत मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू सगळं चालू असतं. त्यामुळे नातू किंवा भाची हाच आमचा दुभाषा.

तर औषधाचं नाव ट्रॅस्टुझुमॅब. वॉर्डात सगळे ‘ट्रॅस्टू’ म्हणतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये शंभरातल्या साधारण पंधरा ते वीस बायकांच्या गाठीवर हर-टू नावाचं प्रथिन फार जास्त असतं. ते पेशीला सारखं ‘वाढ, वाढ’ म्हणून सांगत राहतं. ट्रॅस्टू ही अँटिबॉडी जाऊन नेमकी त्या हर-टूला चिकटते. तो निरोप अडवते, आणि आपल्या रोगप्रतिकारक पेशींना दाखवून देते की इथं बघा, हा तो.

नावाच्या शेवटी ‘मॅब’ दिसलं की समजायचं, ही अँटिबॉडी आहे. अशा एकसारख्या अँटिबॉडी प्रयोगशाळेत बनवायची युक्ती कोलर आणि मिलस्टाईन यांनी केंब्रिजमध्ये १९७५ साली काढली, त्याबद्दल १९८४ चं नोबेल मिळालं. सुरुवातीच्या अँटिबॉडी उंदराच्या होत्या. माणसाचं शरीर त्यांना परकं समजायचं. मग त्यांचा बहुतेक भाग माणसासारखा बदलला, आणि अशा औषधाच्या नावात ‘झु’ आला. ट्रॅस्टु-झु-मॅब. परीक्षेला येणार नाही, पण आजीला ‘उंदराचं औषध आहे म्हणे’ असं कुणी सांगितलं तर उपयोगी पडेल.

गोळी का नाही, हे सगळेच विचारतात. कारण हे मोठं प्रथिन आहे, अ‍ॅस्पिरिनच्या रेणूच्या शेकडो पट मोठं. पोटात गेलं तर डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जाईल. म्हणून शिरेतून, नाहीतर कातडीखाली.

आता कामाचं. पहिल्या दिवसाच्या आधी फाईलमध्ये दोन कागद शोधा.

एक, हर-टूचा रिपोर्ट. त्यात ० , १+, २+ किंवा ३+ असं लिहिलेलं असतं. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ असेल तर अजून ठरलेलं नाही, फिश नावाची पुढची तपासणी करावी लागते. २+ वर ‘फिश’ न करता एवढं महागाचं औषध सुरू होत असेल तर डॉक्टरांना शांतपणे विचारा, ‘सर, फिशचा रिपोर्ट आला का?’ विचारल्यानं कुणी रागावत नाही. रागावलं तरी विचारा.

दोन, टू-डी इको. ट्रॅस्टूचा त्रास काही जणींना हृदयाला होतो, पंप थोडा कमजोर पडतो. म्हणून सुरू करण्याआधी इको आणि मग साधारण दर तीन महिन्यांनी इको. रिपोर्टमध्ये ‘ईएफ’ असा एक आकडा असतो, ६० टक्के, ५५ टक्के असा. त्याचा प्रत्येक वेळी फोटो काढून ठेवा. एकटा आकडा फारसं सांगत नाही, आधीच्या आकड्याशेजारी ठेवला की कळतं. ६२ होता आणि ४८ झाला, तर डॉक्टर औषध थांबवून बघतात. बहुतेक वेळा थांबवल्यावर हृदय सावरतं. पण हे कळायला इको झालेला पाहिजे. आमच्याकडे असे लोक येतात की ज्यांचा सहा महिने इकोच झालेला नाही, कारण ‘आईला काही त्रास नाही ना’. त्रास व्हायच्या आधी कळावं म्हणूनच तो करायचा असतो.

औषध द्यायचे दोन मार्ग आहेत. शिरेतून असेल तर वजनावर डोस ठरतो. तीन आठवड्यांच्या हिशोबात पहिल्यांदा किलोमागे ८ मिलिग्रॅम, साधारण दीड तासात. नंतर किलोमागे ६, आणि पहिला नीट गेला तर पुढचे अर्ध्या तासातही देता येतात. मांडीतलं वेगळं. तिथं वजन बघत नाहीत, सगळ्यांना ६०० मिलिग्रॅम, पाच मिलिलिटर, दोन ते पाच मिनिटांत. एवढं पाणी कातडीखाली मावतं कसं? त्यात हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाईम असतं, ते कातडीखालचं जाळं थोड्या वेळासाठी सैल करतं. एकदा डावी मांडी, एकदा उजवी. जिथं लाल आहे, दुखतंय, कडक झालंय तिथं नाही, आणि आधीच्या जागेपासून किमान दोन-अडीच सेंटिमीटर लांब. कुठल्या मांडीत दिलं ते तुमच्या फोनमध्ये लिहून ठेवा. ‘मागच्या वेळी कुठली?’ म्हटलं की आजी दोन्ही दाखवतात.

मांडीतलं चांगलं की सलाईनचं? ज्या अभ्यासांत दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं त्यात परिणामात फरक दिसला नाही. मांडीतल्याचा फायदा वेळेचा, आणि ज्यांच्या शिरा केमोनं गेल्यात त्यांना सुईची शोधाशोध वाचते. पण ते महाग पडतं, आणि आपल्याकडची स्वस्त झालेली औषधं मुख्यतः शिरेतली आहेत. शिरा चांगल्या असतील आणि पैशाची ओढाताण असेल तर मी सलाईनच म्हणेन. चार तास बसावं लागेल, पण त्यात मोबाईल चार्ज होतो आणि आईशी बोलणंही होतं.

एक गोष्ट जरा जोर देऊन. ट्रॅस्टुझुमॅब एवढंच नाव असलेलं औषध वेगळं, आणि त्यापुढे ‘एम्टान्सीन’ किंवा ‘डेरुक्सटेकान’ असा दुसरा शब्द असलेली औषधं वेगळी. त्यांत अँटिबॉडीला केमोचं औषध बांधलेलं असतं, डोस वेगळा, धोके वेगळे. नावं सारखी असल्यानं जगभर गोंधळाची भीती असते, औषधाच्या माहितीपत्रकातही तसा इशारा असतो. तसंच सलाईनची बाटली आणि मांडीतलं औषध एकमेकांच्या जागी चालत नाही. म्हणून चिठ्ठीवरचं पूर्ण नाव आणि खोक्यावरचं पूर्ण नाव, दोन्ही वाचायची. तुम्ही वाचा, मग सिस्टरला वाचायला लावा. मी स्वतः पेशंटच्या पोराला म्हणते, ‘वाच बे मोठ्यानं.’

आता बाटली आणायची गोष्ट. सोलापूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पारा ४२-४३ च्या पुढे, आणि हे औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. बऱ्याच घरांत बाहेरून घेऊन यावं लागतं. मेडिकलवाल्याकडून थर्माकोलच्या खोक्यात जेल-पॅकसकट घ्या. पण बाटली थेट बर्फाला टेकू देऊ नका, मध्ये कागद किंवा फडकं ठेवा. लोकांना वाटतं जेवढं थंड तेवढं चांगलं. तसं नाही. हे औषध एकदा गोठलं की संपलं, वितळवून चालत नाही. गाडीच्या डिकीत ठेवायचं नाही, एसटीत इंजिनाजवळ ठेवायचं नाही, खडबडवायचं नाही, हलवून बघायचं तर अजिबात नाही. हॉस्पिटलला पोहोचलात की आधी केसपेपर नाही, आधी खोका आमच्या हातात द्या. रात्रभर घरी ठेवावंच लागलं तर फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, दारात नाही, फ्रीझरजवळ नाही. आणि रात्री लाईट गेली होती का, ते सकाळी खरं सांगा.

बिल घ्याच. बिलावर बॅच नंबर हवा. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली, ते कॅन्सरच्या महागड्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या हॉस्पिटलांतून मिळवून त्यात बुरशीवरचं स्वस्त औषध भरून विकत होते. त्यामुळे ‘ओळखीतला माणूस अर्ध्या किमतीत देतोय’ हा प्रकार नको. बाटली तुमच्यासमोर उघडू दे, स्टिकरचा फोटो काढा, आणि औषध झाल्यावर रिकामी बाटली निकामी करून टाका असं आम्हाला सांगा. आम्हाला राग येत नाही.

पैशाचं बोलू. ट्रॅस्टूला अमेरिकेत १९९८ साली मंजुरी मिळाली. आपल्याकडे वर्षानुवर्षं ते बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होतं. २०१४ च्या सुरुवातीला बेंगळुरूच्या बायोकॉननं मायलनबरोबर त्याचं भारतीय बनावटीचं रूप आणलं, ४४० मिलिग्रॅमच्या बाटलीची छापील किंमत साधारण साडेसत्तावन्न हजार. त्यानंतर आणखी कंपन्या आल्या आणि भाव उतरत गेला. अशा औषधाला बायोसिमिलर म्हणतात. जेनेरिक गोळीसारखी हुबेहूब नक्कल नसते, कारण जिवंत पेशींत बनतं, पण गुण आणि सुरक्षितता मूळ औषधाशी ताडून मंजुरी देतात. ‘हे ओरिजिनल नाही ना?’ म्हणून घर विकायची गरज नाही.

छापील किंमत आणि प्रत्यक्ष मिळणारी किंमत यात कॅन्सरच्या औषधांत मोठं अंतर असतं. तीन ठिकाणी भाव विचारा. टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रीडनं अनेक हॉस्पिटलांसाठी ४० औषधांची एकत्र खरेदी केली तेव्हा भाव निम्म्याहून बरेच खाली आले. म्हणजे जागा आहे भावात.

महात्मा फुले जनआरोग्य योजना विसरू नका. आता ती आयुष्मान भारतबरोबर जोडलेली आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, आणि पांढऱ्या रेशनकार्डावरही. हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं. त्याला ‘कॅन्सर योजनेत बसतो का’ असं मोघम विचारू नका. ‘ट्रॅस्टुझुमॅब या हॉस्पिटलला या पॅकेजमध्ये मिळतं का, किती डोस मंजूर होतात’ असं विचारा. टोल-फ्री नंबर १५५३८८. आणि मंजुरी यायला वेळ लागतो, म्हणून डोसच्या आदल्या दिवशी नाही, आधीच्या आठवड्यात.

बाटलीतला एक हिशोब फार कमी लोकांना माहीत असतो. समजा आईचं वजन ५५ किलो. पहिला डोस ५५ गुणिले ८, म्हणजे ४४०. अख्खी बाटली. पुढचा डोस ५५ गुणिले ६, म्हणजे ३३०. बाटलीत ११० उरलं. ४४० च्या बाटलीबरोबर प्रिझर्वेटिव्ह असलेलं पाणी येत असेल आणि त्यातच औषध कालवलं असेल, तर ते २ ते ८ अंशांत २८ दिवस टिकतं. पुढचा डोस २१ दिवसांनी. म्हणजे उरलेलं चालतं! चार डोसला ३३० प्रमाणे १३२० लागतं, तेवढं तीन बाटल्यांत बसतं. चारऐवजी तीन. पण हे उरलेलं औषध हॉस्पिटलच्या फ्रीजमध्येच राहायला हवं, नाव आणि तारीख लिहून, तुमच्या घरच्या फ्रीजमध्ये आंब्याच्या रसाशेजारी नाही. आणि १५० च्या छोट्या बाटलीला हा नियम लागू नाही, ती एकदाच वापरायची. म्हणून औषध घ्यायच्या आधी विचारा, ‘उरलेलं कुठं ठेवता?’ उत्तर मिळालं पाहिजे.

पहिल्या दिवशी पूर्ण दिवस काढून या. रिकाम्या पोटी यायची गरज नाही, साधं खाऊन या. श्रावण असो, गुरुवार असो, त्या दिवशी कडक उपास नको. पहिल्या सलाईनच्या वेळी थंडी वाजणं, ताप येणं हे बऱ्याच जणींना होतं, दहातल्या चौघींना म्हटलं तरी चालेल. बहुतेकदा सलाईन हळू केलं, औषध दिलं की बसतं. नंतरच्या डोसला हे कमी होत जातं. धोक्याचं म्हणजे धाप लागणं, छाती आवळणं, अंगावर गांधी उठणं, ओठ-चेहरा सुजणं, डोळ्यांपुढे अंधारी. ते लगेच सांगायचं.

आणि इथंच अडतं. आयुष्यभर विड्या वळलेल्या आमच्या बायका, कुणाला त्रास द्यायचा नाही या सवयीच्या. दात वाजत असतात आणि म्हणतात, ‘काही नाही ओ सिस्टर, चालू द्या.’ मी लांबून ओळखते, पण माझ्याकडे आठ खाटा असतात. तुम्ही शेजारी बसलेले असता. तिचा हात धरून ठेवा, गार पडतोय का बघा. कानडीत चळी, तेलुगूत चलि, मराठीत थंडी, कुठल्याही भाषेत सांगा, पण तिच्यासाठी तुम्ही हाक मारा. सलाईन संपल्यावरही सांगितलंय तेवढा वेळ बसा. मांडीतल्याला पहिल्यांदा अर्धा तास, पुढे पंधरा मिनिटं. ‘एसटी निघेल’ म्हणून तेवढ्यात पळू नका.

घरी गेल्यावर. फक्त ट्रॅस्टू चालू असेल तर केस गळत नाहीत, उलटीचाही फारसा त्रास नाही. आधीच्या महिन्यांत गळतात ते सोबतच्या केमोमुळे. आणि केमो चालू असताना १००.४ च्या वर ताप म्हणजे तातडीची गोष्ट, रात्री दोन वाजले तरी फोन करायचा, पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. पायावर सूज, जिना चढताना नवीन धाप, झोपताना एक उशी पुरायची तिला दोन लागतात, चार दिवसांत वजन दोन किलो वाढलं, ही हृदयाची लक्षणं. तिला ‘धाप लागते का’ विचारलं तर नाही म्हणेल. ‘रात्री उशा किती घेतेस’ विचारा.

तरुण पेशंटसाठी: औषध चालू असताना आणि शेवटच्या डोसनंतर सात महिने गर्भ राहता कामा नये, पोटातल्या बाळाला धोका असतो. सासरच्यांसमोर हा विषय निघत नाही. बहीण असेल तर तिच्याकडून डॉक्टरांपर्यंत पोहोचवा.

आता तुमचे आलेले प्रश्न.

‘आषाढी आहे, आई म्हणते वारी करून आल्यावर घेऊ.’ वारीला विरोध नाही, पंढरपूर आपलंच आहे. पण तीन आठवड्यांच्या डोसला आठवड्याहून जास्त उशीर झाला तर बहुधा पुन्हा पहिल्यासारखा मोठा डोस द्यावा लागतो. खर्चही तेवढा. तारीख आधी दाखवा, दोन-चार दिवस मागे-पुढे डॉक्टर बसवून देतात.

‘मुंबईला टाटामध्ये दाखवलंय, दर तीन आठवड्यांनी जाणं होत नाही.’ तिथल्या डॉक्टरांना पत्र मागा, की पुढचे डोस गावाजवळ घेतले तर चालेल का. सोलापुरात श्री सिद्धेश्वर कॅन्सर हॉस्पिटल आहे, बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल आहे. बार्शीत तर १९८७ पासून खेड्यातल्या कॅन्सरची नोंदणी चालते. जवळ सोय असेल तर कोर्स पुरा होण्याची शक्यता वाढते, हे मी रोज बघते.

‘मामांना तोंडाचा कॅन्सर आहे, त्यांना निवोलुमॅब सांगितलंय, परवडत नाही.’ तेही ‘मॅब’च आहे, पण काम वेगळं. ते आपल्या प्रतिकारशक्तीवरचा ब्रेक काढतं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १५१ पेशंटवर एक अभ्यास केला, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या डोसच्या दहा टक्क्यांहूनही कमी, म्हणजे तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, गोळ्यांच्या केमोबरोबर. एका वर्षानंतर जिवंत असणारे नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के होते, हे जोडल्यावर ४३.४ टक्के. बरा होतो असा याचा अर्थ नाही. पण डॉक्टरांना ‘कमी डोसचं निवोलुमॅब मामांना चालेल का’ हे नक्की विचारा. त्यात जुलाब, कोरडा खोकला, फार थकवा हे काही महिन्यांनीही येऊ शकतं. तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरकडे गेलात तरी हे इंजेक्शन घेतलंय ते आधी सांगायचं.

शेवटचा प्रश्न एका मुलीचा. ‘नऊ डोस झाले. वर्षभराचे सतरा-अठरा सांगितलेत. बाबा म्हणतात आता पैसे नाहीत, आई म्हणते मी बरी आहे, बंद करू. डॉक्टरांना सांगायची लाज वाटते.’

अगं, न सांगता बंद करू नका. ब्रिटनमध्ये चार हजारांहून जास्त बायकांवर पर्सेफनी नावाचा अभ्यास झाला, लवकरच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये सहा महिने आणि बारा महिने यांची तुलना. २०१९ मध्ये छापून आला. चार वर्षांनी सहा महिनेवाल्यांतल्या ८९.४ टक्के आणि बारा महिनेवाल्यांतल्या ८९.८ टक्के जणींना आजार उलटला नव्हता. हृदयाचा त्रासही सहा महिन्यांत कमी. फ्रान्सच्या एका अभ्यासात मात्र सहा महिने तेवढंच चांगलं आहे असं सिद्ध झालं नाही, म्हणून डॉक्टर अजून वर्षच सांगतात. तुझ्या आईच्या गाठीचा आकार, काखेतल्या गाठी, कॅन्सर पसरलेला आहे की नाही, यावर तिचं उत्तर ठरेल. पसरलेला असेल तर हा सहा महिन्यांचा हिशोब लागूच होत नाही. नऊ डोस म्हणजे जवळपास सहा महिने झालेत. त्यामुळे तुझा प्रश्न लाजेचा नाही, डॉक्टरांनी बसून विचार करावा असा आहे. बाबांना बाहेर बसव, तू फाईल घेऊन आत जा, आणि सरळ म्हण: ‘सर, पैसे संपलेत. उरलेले डोस योजनेतून बसतात का? नाही बसले तर इथं थांबण्यात आईचा किती धोका आहे?’ जाताना इकोचे तिन्ही रिपोर्ट आणि ऑपरेशननंतरचा गाठीचा रिपोर्ट घेऊन जा. आणि पुढच्या डोसची तारीख उलटायच्या आत जा.